तुम्ही विचारलंत म्हणून: तीन फुटांत वसलेले गाव

मूळ गाव कुर्डुवाडी असे सांगितले, की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे पंढरपूरला जाताना गाडी बदलायचो, ते स्टेशन ना? तिथे गावपण आहे?" विचारणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो आणि त्याच्या लेखी कुर्डुवाडी म्हणजे एक फलाट, एक कप चहा आणि ट्रंकेवर बसून डुलक्या घेत काढलेले दोन तास. गाव आहे, चांगले नगरपालिकेचे गाव आहे. माझा जन्म तिथलाच आणि माझे आजोबा तिथल्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. पण या प्रश्नाचा मला राग येत नाही, कारण गाडी बदलावी लागत होती म्हणूनच तर ते गाव झाले.

रेल्वे आली आणि गाव वसले, इतकी ही गोष्ट सरळ नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेचा पुण्याहून निघालेला मार्ग १८५९ साली इथवर पोहोचला आणि पुढच्या वर्षी सोलापूरला गेला. तेव्हा बोरघाटाचे काम चालूच होते. तो घाट १८६३ साली खुला झाला, म्हणजे मुंबईशी सलग जोडले जाण्याआधीच आमच्या माळावरून इंजिने धावत होती. जवळच कुर्डू नावाचे जुने खेडे होते, पण स्टेशनला त्याचे नाव मिळाले नाही. नाव पडले 'बार्शी रोड'. नाशिक रोड किंवा अक्कलकोट रोड म्हणतात, त्यातलाच हा प्रकार: जिथे जायचे ते गाव लांब आहे आणि उतरायचे मात्र इथे आहे, हे प्रवाशाला नावातच सांगून टाकायचे.

बार्शी लांबच होती, २१ मैलांवर. बालाघाटाच्या पायथ्याची ती मोठी पेठ. कापूस, गळिताची धान्ये आणि निजामाच्या मुलखातून उतरणारा माल तिथे गोळा होई आणि बैलगाड्यांनी स्टेशनवर येई. बैलाच्या चालीने २१ मैल एका दिवसात कापणे अवघडच, त्यात पावसाळ्यात काळ्या मातीने चाक धरले की सगळेच थांबले. तरीही जवळजवळ चाळीस वर्षे असेच चालले आणि या काळात स्टेशनभोवती गाव म्हणावे असे फारसे काही उभे राहिले नाही, असे मला वाटते. गाडीवान यायचा, माल उतरवायचा, बैलांना पाणी दाखवायचा आणि परत फिरायचा. रात्र काढण्यापलीकडे तिथे राहायचे त्याला काही कारण नव्हते.

ते कारण दिले एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने. जीआयपीच्या नोकरीत असतानाच बार्शीला जोडणारी स्वस्त गाडी काढता येईल, हे त्याने हेरले होते. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे ही कंपनी नोंदली गेली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. कॅल्थ्रॉपची युक्ती अशी, की कोणत्याही आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. म्हणजे दर यार्ड लांबीला अवघे ३० पौंड वजनाचे हलके रूळही पुरतात. लीड्सच्या किटसन कंपनीने त्यासाठी जी इंजिने बांधली, त्यांचे वजन एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांवर आणि मागच्या चार छोट्या चाकांवर वाटलेले होते. मालाच्या वाघिणी मात्र २५ फूट लांबीच्या, भरपूर माल घेणाऱ्या होत्या. (हाच गृहस्थ पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट बनवत होता. डोके एका जागी न ठरणारी माणसे असतात.)

आता मुद्द्याची गोष्ट. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधले अंतर ५ फूट ६ इंच, छोट्या गाडीचे २ फूट ६ इंच. फरक नेमका तीन फुटांचा, आणि आमचे गाव त्या तीन फुटांत वसले. बार्शीहून आलेली कापसाची प्रत्येक गाठ कुर्डुवाडीत एका वाघिणीतून काढून दुसरीत चढवावी लागे. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या हमालबाबांनी मला हे काम अंगणात करून दाखवले होते. दोन वाघिणी शेजारी आणून मध्ये फळी टाकायची. मोठ्या वाघिणीचा तळ उंच, त्यामुळे भरल्या अंगाने जायचे ते नेहमी चढावर. गाठीला आवळलेल्या लोखंडी पट्टीत आकडा अडकवायचा, गाठ पाठीवर घ्यायची आणि फळी लवण्याच्या आत पाऊल उचलायचे. हे सांगताना त्यांचा उजवा खांदा आपोआप खाली जाई. तो तसा कायमचाच उतरला होता.

कॅल्थ्रॉपने पुढे इंग्लंडमधल्या लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याच्या छोट्या रेल्वेसाठी यावर तोड काढली: मोठ्या गाडीची वाघीण मालासकट उचलून धरणारे छोटे चाकगाडे. ती तोड बार्शी लाईटवर रुळली असती, तर शेजारच्या बाबांचा खांदा वाचला असता आणि कदाचित ते कुर्डुवाडीला राहायलाही आले नसते.

कारण हमाल आला, की त्याला भाकरी लागते. माल थांबतो, तसा माणूसही थांबतो. मोठी गाडी उशिरा आली की छोटी वाट पाहते आणि छोटी उशिरा आली की प्रवासी फलाटावर रात्र काढतो. या दोन गाड्यांमधल्या रिकाम्या वेळावर खानावळी चालल्या, चहावाले चालले, कंदिलाच्या उजेडात पेढे विकणारे चालले. १९०६ साली फाटा पंढरपूरला गेला, तेव्हा या रिकाम्या वेळाला आषाढी-कार्तिकीचे उधाण मिळाले. १९११ साली गाडी लातूरला पोहोचली, १९२७ साली मिरजेला, आणि २१ मैलांची ती बार्शी लाईट २०० मैलांच्या वर गेली. तिच्या जवळजवळ मध्यावर कुर्डुवाडी होती. कारखाना, खलाशी, बॉयलरमेकर, गार्ड, त्यांच्या चाळी, त्यांच्या मुलांच्या शाळा हे सगळे त्यातून आले. तालुक्याचे ठाणे माढ्यात राहिले आणि बाजार आमच्याकडे वाढला, याचा माढेकरांना अजूनही थोडा सल आहे. तो वाजवी आहे. माझ्या लहानपणी कारखान्याचा भोंगा झाला, की आई कुकर चढवायची आणि शेजारचे मास्तर घड्याळ लावायचे.

१९५४ साली सरकारने कंपनी घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली, तेव्हा गाडीच्या नावापलीकडे गावात फारसे बदलले नाही. बदल झाला तो २००० नंतरच्या साधारण दहा वर्षांत, जेव्हा पंढरपूर, लातूर आणि मिरज या तिन्ही बाजूंचे रूळ रुंद झाले. ते व्हावे म्हणून आमच्याच लोकांनी निवेदने दिली होती, आणि छोटी गाडी बंद झाली तेव्हा डोळे पुसायलाही तेच उभे होते. कारखान्याला माथेरानच्या छोट्या गाडीच्या दुरुस्तीसारखी कामे मिळत राहिली, पण फलाटावरचा थांबणारा माणूस गेला.

मागच्या खेपेस मुंबईहून लातूरच्या गाडीने येत होतो. रात्री कुर्डुवाडीला गाडी थांबली, मी बॅग उचलली, तर वरच्या बर्थवरच्या माणसाने डोळे न उघडताच विचारले, "कोणतं स्टेशन?" मी सांगितले. "इथं बदलावी लागते का हो?" नाही म्हटल्यावर तो कूस बदलून झोपला.