उजव्या विंगा मागे का पडत होत्या

मी एका जुन्या नाट्यगृहाची छोटी, चालती प्रतिकृती करतो आहे. गेल्या नोंदीच्या शेवटी मी लिहिले होते की, दृश्य बदलताना तिच्या उजवीकडच्या विंगा, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला उभ्या केलेल्या चौकटी, डावीकडच्यांच्या मागे का पडतात हे कळेपर्यंत रंगकामाला हात लावणार नाही. कारण कळले आहे. मंगळवारी रात्री पहिल्यांदाच सहाही जोड्या एकाच वेळी हलल्या आणि एकाच वेळी थांबल्या. जंगल बाहेर गेले, राजवाडा आत आला, आणि मधली पोकळी दोन्ही बाजूंना सारखी राहिली. मी तो बदल सलग अकरा वेळा करून पाहिला. शेवटी घरातल्या मंडळींनी दिवा मालवायला लावला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ही प्रतिकृती स्वीडनमधल्या ड्रॉटनिंगहोल्म येथील राजवाड्याच्या नाट्यगृहाची आहे. स्टॉकहोमच्या पश्चिमेला, मेलारेन सरोवरातल्या लोव्हन बेटावर हे नाट्यगृह १७६६ साली बांधले गेले. वास्तुरचना कार्ल फ्रेडरिक आडेलक्रांट्झ यांची आणि रंगमंचाखालची यंत्रे दोनातो स्तोपानी यांची. राजा तिसरा गुस्ताव १७९२ साली मारला गेल्यावर ते बंद पडले आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे जवळपास विस्मरणात गेले. १९२१ मध्ये आग्ने बेयर हे अभ्यासक तेथे पोहोचले तेव्हा पडदे, विंगा आणि यंत्रे जागच्या जागी होती. आजही तेथे त्याच यंत्रांवर उन्हाळ्यात प्रयोग होतात. इमारत मुख्यतः लाकडाची आहे आणि ती तापवण्याची सोय नाही, म्हणून हंगाम उन्हाळ्यापुरताच. माझे प्रमाण एकास चोवीस आहे, त्यामुळे तिथले सुमारे २० मीटर खोलीचे रंगपीठ माझ्या टेबलावर ८३ सेंटिमीटरचे झाले आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. विंग म्हणजे आपल्याकडे बाजूला उभा केलेला फ्लॅट (रंगवलेली सपाट चौकट), पण या पद्धतीत तो रंगपीठावर टेकत नाही. रंगपीठाला लांब फटी असतात, त्यांतून वर आलेल्या खांबांवर फ्लॅट बसवतात आणि खांब खाली पट्ट्यांवर धावणाऱ्या गाडीला जोडलेले असतात. सतराव्या शतकात व्हेनिसमध्ये जाकोमो तोरेल्ली यांनी ही रचना नावारूपाला आणली. एका जागी दोन गाड्या असतात. एक आत येते तेव्हा दुसरी बाहेर जाते. मी सहा जोड्या धरल्या, म्हणजे बारा जागा आणि चोवीस गाड्या. या सगळ्यांचे दोर मधल्या एका लांब आडव्या रुळावर गुंडाळले जातात आणि तो रूळ फिरवायला उसाच्या चरकासारखे उभ्या आसाचे यंत्र आहे, ज्याचे दांडे धरून माणसे गोल फिरतात. एका फिरवण्यात अख्खे दृश्य बदलते. जुन्या संगीत नाटक कंपन्यांमध्ये रस्त्याचा पडदा टाकून मागे राजवाडा लावत असत. येथे तसा आडोसाच लागत नाही, बदल प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होतो. मला या नाट्यगृहाचे वेड लागले ते त्या उघड्या बदलामुळेच. म्हणून उजवी बाजू एक क्षण मागे राहून चार मिलिमीटर आधीच थांबते, हे मला सहन होत नव्हते. एकास चोवीस प्रमाणात चार मिलिमीटर म्हणजे खऱ्या रंगमंचावर जवळजवळ दहा सेंटिमीटर.

पहिला संशय रुळावर गेला आणि तो चुकीचा नव्हता. माझा रूळ १२ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि दोरा ०.४ मिलिमीटरचा. दोरा शेजारी शेजारी बसला तर एका फेऱ्यात साधारण ३९ मिलिमीटर ओढला जातो; पण दुसरा फेरा पहिल्यावर चढला की तोच आकडा साडेएकेचाळीसवर जातो. प्रत्येक गाडीला दोन फेरे लागतात, म्हणजे कोणता दोरा कधी चढेल यावर त्या विंगेचे नशीब. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारागिराकडून सर्पिल खाचा असलेला रूळ त्रिमितीय छपाईने करून घेतला. पहिला नमुना त्याने इतका घाईत काढला होता की, खाचांच्या कडांनी दोरा कापला जाऊ लागला. मी तो परत नेला, त्याने काही न बोलता बारीक थरांत पुन्हा छापून दिला आणि वर २०० रुपये कमी घेतले. त्रिमितीय छपाई स्वस्त दुकानात करू नये, हे माझे मत या अनुभवाने आणखी पक्के झाले. पैसे वाचतात ते पुढे सँडपेपरवर आणि वेळेवर जातात. नव्या रुळाने गाड्यांची चाल एकसारखी झाली, परंतु उजव्या बाजूचे मागे पडणे तसेच राहिले.

दुसरा संशय चाकांवर. पितळी चकत्या काढून ३ मिलिमीटर आतील आणि ६ मिलिमीटर बाहेरील व्यासाची बेअरिंगे घातली. त्यात एक अख्खा आठवडा गेला आणि फरक पडला नाही. तिसरा संशय लाकडावर, कारण ठाण्याच्या दमट हवेत एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) फुगते हे आपण सगळे जाणतोच. मी गाड्यांच्या पट्ट्यांमधली अंतरे कॅलिपरने सकाळ-संध्याकाळ मोजली. ती जागची हलली नव्हती.

वाट सापडली ती एका विचित्र गोष्टीमुळे. रात्री एसीच्या खोलीत जोडणी करून, ताण सारखे करून मी झोपत असे तेव्हा सगळे बरोबर चाले. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतिकृती दिवाणखान्यात आणली, खिडक्या उघड्या असल्या, की उजवी बाजू पुन्हा मागे. तेव्हा आर्द्रता मोजण्याचे एक साधे यंत्र आणून दोन्ही ठिकाणी ठेवले. एसीच्या खोलीत ४८ टक्के, दिवाणखान्यात दुपारी ७६. मग ध्यानात आले की, डावीकडचे सगळे दोर पुस्तकबांधणीच्या लिननच्या दोऱ्याचे आहेत आणि ते रीळ संपल्यावर उजवीकडे मी घरात असलेला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, वापरला होता. दोन्ही सारखेच मजबूत, म्हणून त्यात काही चुकते आहे असे मला तेव्हा वाटले नव्हते.

चेंदणी कोळीवाड्यात एक वयस्कर काका दारात बसून जाळी दुरुस्त करतात. स्टेशनला जाताना मी अनेकदा त्यांच्याजवळ थांबतो. त्यांना दोन्ही दोरे दाखवले आणि काय घडते ते सांगितले. काकांनी लिननचा तुकडा ओठांत धरून ओला केला, दोन बोटांत ताणला आणि म्हणाले, "याला पानी लागलं की आखडतो. तंगूस उलटा, तो सुटतो. दोन्ही एका जाल्यात घेतलंस तर जालं वाकडंच पडनार."

घरी येऊन दोन्ही दोऱ्यांचे ६० सेंटिमीटरचे तुकडे ५० ग्रॅमची वजने लावून टांगले, एक रात्र एसीत आणि एक दिवस गच्चीत. लिनन सुमारे दोन मिलिमीटर आखडला, तंगूस सुमारे चार मिलिमीटर लांबला. लिननच्या तंतूंत पाणी शिरले की ते जाडीने फुगतात, आणि पिळलेला दोरा जाडीने फुगला की लांबीने आखूड होतो. नायलॉन मात्र पाणी शोषून लांबतो आणि थोडा मऊही पडतो. त्यामुळे डावे दोर ताठ होऊन रूळ हलताक्षणी गाडी ओढत होते आणि उजवीकडे तोच रूळ आधी ढिलाई गोळा करत होता, मग गाडी ओढत होता. सगळे कोडे एवढेच होते.

त्यानंतर मी माझी जुनी टिपणवही उघडली. त्यात वर्षभरापूर्वी मीच लिहून ठेवले होते की, ड्रॉटनिंगहोल्मचे नाट्यगृह १९२२ साली पुन्हा सुरू झाले तेव्हा यंत्रांत प्रामुख्याने दोरच तेवढे नवे घालावे लागले. लाकूड टिकले आणि दोर गेले. त्या ओळीखाली रेघ मारूनही मी सारे लक्ष लाकडावर ठेवले होते.

आता उपाय. मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून पॉलिइथिलीनची वेणीची दोरी आणली, ०.२ मिलिमीटरची. ती पाणी शोषत नाही आणि ताणली तरी जवळजवळ लांबत नाही. रंग हिरवा मिळाला, पण रंगमंचाखाली तो दिसत नाही. मात्र तिचे दोन त्रास आहेत आणि ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कुणाची संध्याकाळ वाया जाणार नाही. ती इतकी गुळगुळीत असते की साधी गाठ सरकते. गळ बांधायला वापरतात ती दुहेरी दोरीची पालोमार गाठ मात्र टिकते. आणि फेव्हिक्विक तिला धरतच नाही. रुळात एक मिलिमीटरचे भोक पाडून दोरी आत घेतली आणि बारीक स्क्रूने दाबली, तेव्हा ती पक्की बसली. दोरी जाडीने निम्मी झाल्यामुळे फेऱ्यांचे गणित बदलले, पण चोवीसही गाड्यांसाठी ते सारखेच बदलले, म्हणून चरकाला किंचित जास्त वळण द्यावे लागले इतकेच.

प्रत्येक दोरीच्या टोकाला ताण राखण्यासाठी मी बॉलपेनमधल्या स्प्रिंगा लावल्या होत्या. हा परिच्छेद लिहिता लिहिताच मला त्या नकोशा झाल्या आहेत. स्प्रिंग ताण देते, पण किती ताण आहे ते हाताला कळू देत नाही, आणि दोन स्प्रिंगा कधीच सारख्या नसतात. त्यांच्या जागी तंबोऱ्यासारख्या खुंट्या बसवाव्यात असे आता वाटते. व्हायोलिनच्या खुंटीचा निमुळतेपणा तीसला एक असतो, म्हणजे ३० मिलिमीटर लांबीत जाडी एक मिलिमीटरने कमी होते. इतका मंद उतार असला तरच खुंटी भोकात घट्ट बसते. पेन्सिलच्या शार्पनरने तासलेले टोक याच्या कितीतरी पट तिरके असते, त्यामुळे तो सोपा मार्ग बंद आहे. शिसवाच्या बारीक काड्या घेऊन त्या हातड्रिलमध्ये फिरवत सँडपेपरने घासाव्या लागतील. चोवीस खुंट्या म्हणजे दोन रविवार. पण एकदा त्या झाल्या की, खडू लावून एकेक खुंटी पिळायची, प्रत्येक दोरीचा सारख्याच लांबीचा भाग बोटाने छेडायचा आणि चोवीसही सारख्या सुरात आल्या की ताण सारखा. कान या कामाला मिलिमीटरच्या पट्टीपेक्षा जास्त विश्वासू आहे. ताण हाताला आणि कानाला कळायला हवा, म्हणून चरकाला मोटर बसवण्याचा बेतही मी आजपासून सोडला आहे. चरक हातानेच फिरणार. स्टेपर मोटर आधीच आणून ठेवली आहे, कुणाला हवी असल्यास ती न्यावी.

बाकीची कामे लवकर आटोपतात. लाटांचे यंत्र तयार आहे. पिळाच्या आकारात कोरलेले पाच दंडगोल एकामागे एक ठेवून फिरवले की लाट पुढे सरकताना दिसते. बाल्सा लाकूड कोरायला मऊ असले तरी पिळाच्या कडा ढासळतात, म्हणून त्यावर पातळ फेव्हिकॉलचे दोन हात द्यावेत. मेघगर्जनेसाठी तेथे दगड भरलेली लांब लाकडी पेटी दोराने हेलकावतात. मी ३ मिलिमीटरचे पोलादी छर्रे भरले आहेत. टेबलावर पेटी कलंडली की आवाज खोलीच्या पलीकडे जातो. परवा शेजारची सहावीतली मुलगी तो ऐकून धावत आली आणि तिने अर्धा तास पाऊस पाडला.

तिच्यामुळेच आमच्या इमारतीच्या सभागृहात मे महिन्याच्या सुट्टीत तीन संध्याकाळी छोटा नाट्यमहोत्सव करायचे ठरले आहे, आणि त्यामुळे रंगकामाचा बेतही बदलतो आहे. मी ड्रॉटनिंगहोल्मच्या मूळ विंगांच्या नकला करणार होतो. पण त्या विंगांमधून मुलांच्या कागदी बाहुल्या कोणती गोष्ट सांगणार? यंत्र तिथले ठेवून विंगा आपल्या कंपनी रंगभूमीच्या पद्धतीने रंगवाव्यात, असे आता मनात आहे: जंगल, राजवाडा आणि रस्ता. ही तीन दृश्ये असली की बहुतेक गोष्टी उभ्या राहतात. विंगांचे काठ मागून पुढे येताना उजळ आणि कोमट रंगाचे करायचे, म्हणजे ८३ सेंटिमीटरची खोली डोळ्याला दुप्पट वाटते. पोस्टर रंग की अक्रिलिक, हा प्रश्न आहे. अक्रिलिक चकाकते आणि मेणबत्तीसारख्या लुकलुकणाऱ्या दिव्यांत ती चकाकी फार टोचते. त्यामुळे माझा कल पोस्टर रंगाकडे आहे, दमट हवेत तो बोटाला लागत असला तरी. कुणी त्यावर मॅट वॉर्निश मारून पाहिले असेल तर जरूर कळवावे.

सभागृहाला एसी नाही आणि तिथे संध्याकाळची आर्द्रता दिवाणखान्यापेक्षाही जास्त असते. म्हणून या शनिवारी प्रतिकृती खाली नेऊन, दारे उघडी ठेवून, पन्नास बदल करून पाहणार आहे. डावीकडच्या दोऱ्याही मी हिरव्या केल्या आहेत. लिनन आता फक्त वर, ढगांच्या यंत्राजवळ, जिथे तो दिसतो पण भार उचलत नाही. शिसवाच्या काड्या कालच आणल्या. पहिली खुंटी उजवीकडच्या चौथ्या गाडीला बसवणार आहे, कारण तिची दोरी सगळ्यांत लांब वळसा घेऊन येते.