पुस्तक कुठं सोडलं? आमच्या वाचनकट्ट्याची नोंद

यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात समाजमंदिराच्या ओट्यावर शनिवारी संध्याकाळी वाचनकट्टा भरतो, त्याची ही यंदाची नोंद. नवीन मंडळींसाठी एवढंच सांगतो: पोरं-पोरी सातवी ते दहावीतली, पुस्तकं काही माझी, काही वाचनालयातून आणलेली. मतं लिहायला बियाण्याच्या कंपन्या दुकानात वाटतात त्या डायऱ्या. मी कृषी केंद्रात हिशेब बघतो, त्यामुळे डायऱ्यांना तोटा नाही.

यंदा "पुस्तक कसं वाटलं?" हा प्रश्नच बंद केला. त्याचं उत्तर पोरांना पाठ असतं: छान वाटलं, चांगला बोध मिळाला. आता डायरीत लिहायचं ते पुस्तक कुठं सोडलं, काऊन सोडलं अन् परत धरलं का. खूण म्हणून बियाण्याच्या पाकिटाची कापलेली पट्टी. पट्टी कुठं अडकली आहे ते मला दिसतं, त्यामुळे थापा चालत नाहीत. ज्यांच्याकडे असे कट्टे आहेत त्यांनी हे करून बघा. आवडलं-नावडलं विचारण्यापेक्षा कितीतरी जास्त हाती लागतं.

पोळ्यापर्यंत

सुरुवात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून. यातल्या बऱ्याच पोरांनी २०१७ चा सिनेमा मोबाईलवर पाहिलेला. सिनेमातला बन्या, म्हणजे हाच फेणे, मोठा आहे, मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो. पुस्तकातला फुरसुंगीचा शाळकरी पोरगा बघून आधी सगळे हिरमुसले. "हा त आपल्याच एवढा हाये," असं एक जण तक्रारीच्या सुरात म्हणाला आणि मग त्याच कारणासाठी पुढं वाचत गेला.

पोरींना बन्या जास्त भावला, त्याचं कारण सायकल. सरकारच्या मानव विकास योजनेतली सायकल आमच्याकडे पोरींना मिळते, शाळेची वाट रोज त्याच तुडवतात. आठवीतल्या एकीनं लिहिलंय: "चेन पडली का ह्याले बसवता येते, मले पन येते." आठवीतल्या एका पोराची पट्टी मात्र पोलीस बन्याचं ऐकतात तिथं अडकली. कारण: "आपल्याले ठान्यात उभं तरी करतीन का?" मला विचाराल तर मराठी साहसकथेवरचं एवढं नेमकं परीक्षण मी मोठ्या माणसाच्या हातचं वाचलेलं नाही.

श्यामची आई

हे पुस्तक मी मुद्दाम घेतलं नव्हतं, दोघी-तिघींनी मागितलं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे ऐकून पोरांना त्याच्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला. जेलमध्ये बसून कोणी आईबद्दल लिहितं हे त्यांना नवीन होतं. प्रकरणांना 'रात्र' म्हणतात, अशा बेचाळीस रात्री, म्हणून रोज एक वाचायची असं त्यांनीच ठरवलं.

नववीतलीचं मत: "श्यामची माय लय चांगली हाये, तिले राग येतच नाई, म्हनून खोटी वाटते." त्यावर दहावीतली उसळली. पोहायला जायचं सोडून श्याम लपून बसला तेव्हा शिमटीनं झोडपते ती कोण? भांडण रंगलं आणि शेवटी दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं की पोहायला नाही गेलं म्हणून मारणारी माय आपल्या गावात सापडणार नाही. आपल्या मायबापाचा सारा जोर पोरांना विहिरीपासून दूर ठेवण्यात जातो.

एका पट्टीबद्दल लिहायलाच हवं. सावकाराचा माणूस वसुलीला येतो आणि आईला नको ते बोलतो, तिथं दहावीतल्या एकानं सोडलं होतं. कुठं सोडलं ते लिहिलं होतं, परत धरलं का याला 'हाव', म्हणजे हो. काऊन सोडलं, ते कोरं. मी विचारलं नाही. ज्यांच्याकडे सोसायटीचं नाहीतर बँकेचं कर्ज आहे त्यांना ते विचारावं लागत नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या, म्हणजे कापूसवेचणी

या दिवसांत कट्टा अर्धा रिकामा असतो. सुट्टी लागली की पोरं वावरात, संध्याकाळी बोटांना पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे. म्हणून या वेळेला मी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' काढलं. कादंबरी नाही, चरित्र आहे, हे मी सांगून टाकलं होतं. पोरांनी ते मानलं नाही. पुढं काय होईल असं वाटत राहतं ती कादंबरी, अशी त्यांची व्याख्या. मला तिच्यात खोट काढता आली नाही, तुम्ही काढून बघा.

१९८१ सालचं हे पुस्तक कापसाच्या गावात वाचायचं म्हणजे मजाच वेगळी. शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये अमेरिकेत, अलाबामातल्या टस्कीगीला आले तेव्हा तिथली जमीन वर्षानुवर्षं कापूस घेऊन थकलेली. त्यांनी शेतकऱ्यांना भुईमूग, रताळी, चवळी लावायला सांगितलं. इथपर्यंत आल्यावर ओट्यावर जो कालवा झाला तो मी डायरीत मावेल तेवढा उतरवून घेतला.

"मंग आपले बाबा पऱ्हाटीत तुरीचं तास टाकतेत, थे काय येगळं हाये?"

"थे जोडीनं असते. हा म्हनते एक साल कापूस, दुसऱ्या साली दुसरं."

"भुईमूग लावा म्हनते, अन् रानडुक्कर? तिकडं डुकरं नव्हते काय?"

यावर सगळे हसले, पण प्रश्न अगदी खरा आहे. आमच्या शिवारात रानडुकरांनी अन् रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, भुईमूग जवळजवळ बंदच पाडला आहे. एका रात्रीत ओळीच्या ओळी उकरून ठेवतात. मग दुसरा मुद्दा निघाला, पिकवलं तरी विकायचं कुठं? आठवीतल्या एकानं याच जागी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. ज्यानं पुढं वाचलं होतं त्यानं सांगितलं, की तिकडंही भुईमूग झाला अन् गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तर कार्व्हर शेंगदाण्यापासून काय काय बनवता येतं ते शोधत बसले. ऐकून आठवीतल्यानं पट्टी काढली आणि पुस्तक घरी नेलं.

किडीचीही गोष्ट झाली. तिकडच्या कापसावर सोंडवाला भुंगा पडायचा, त्याला कोणीतरी बोंडअळी म्हटलं. लगेच दुरुस्ती झाली: "थो भुंगा हाये, अळी नोहे. औषध येगळं लागते." २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तेव्हा ही पोरं पहिलीत असतील-नसतील, पण ते वर्ष प्रत्येकाच्या घरात अजून बोललं जातं.

थंडी पडल्यावर

'तोत्तोचान' या जपानी पुस्तकाचं थोडक्यात सांगतो. आगगाडीच्या डब्यांतली शाळा सगळ्यांना हवीहवीशी. जेवणाच्या डब्यात समुद्रातलं काही आणि डोंगरातलं काही आणायचं, या नियमावर आमच्या सातवीनं 'वावरातलं काही' एवढंच ठेवलं. पण नववी-दहावीच्या पट्ट्या सुरुवातीलाच अडकल्या, आणि कारण सगळ्यांचं एकच: पोरगी पहिलीतली आहे.

हे कारण मला साऱ्या डायऱ्यांत वेगवेगळ्या शब्दांत सापडलं. पंधरा वर्षांच्या पोराला दहा वर्षांचा नायक नको असतो. बाराव्या वर्षापर्यंत मराठीत खूप आहे, 'किशोर'चे तर १९७१ पासूनचे अंक फुकट वाचता येतात. त्यानंतर आपण पोरांच्या हातात थेट ऐतिहासिक कादंबऱ्यांचे ठोकळे देतो. २०२५ च्या सिनेमानंतर 'छावा' सगळ्यांनी मागितलं, पट्ट्या पहिल्या पन्नास पानांतच राहिल्या. भाषा जड, असं लिहिलंय. मधली वर्षं कोणाच्या खात्यात आहेत, देव जाणे. पुरस्कार देणारे अन् प्रकाशक दोघंही 'बाल' या एकाच पेटीत सगळं टाकतात, असं माझं मत झालंय.

ओट्यावर मी त्यांना एस. ई. हिंटनची गोष्ट सांगितली. या अमेरिकी मुलीनं आपल्या वयाच्या टोळक्यांवरची कादंबरी शाळेत असतानाच लिहायला घेतली, १९६७ मध्ये ती छापून आली. मी ती माहिती म्हणून सांगितली होती, पण पुढच्या शनिवारी दहावीतलीनं डायरीची मागची पानं वेगळी शिवून आणली. तिच्या कादंबरीतल्या पोरीला यवतमाळला जायचं आहे आणि पहिली एसटी रोज तिच्या फाट्यावर न थांबता जाते. दोन प्रकरणं झालीत. वाचायला दिली, पण पट्टी ठेवून. मी कुठं सोडतो ते तिला बघायचंय.

पुढं प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' घेणार आहे. त्याचा नायक लंपन लहानच आहे, हे ठाऊक आहे, पण भाषेवर पोरं काय म्हणतात ते बघायचं आहे. त्यातली कर्नाटकी वळणाची बोली वऱ्हाडी पोरांना कशी लागते याची मला भलती उत्सुकता आहे.

आणि एक मागणं. पंधरा-सोळा वर्षांचा नायक किंवा नायिका, खेड्यातली, जमलं तर हातात मोबाईल असलेली, अशी कादंबरी मराठीत तुमच्या वाचण्यात आली असेल तर नाव कळवा. जुनी, सुटलेल्या पानांची चालेल. दहावीवाले बोर्डाच्या परीक्षेला बसायच्या आधी मिळाली तर बरं होईल, नंतर यातले अर्धे अकरावीला बाहेरगावी जातील.