पिल्लू परत द्या, पैसे घ्या

आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू पुण्यातल्याच एका विक्रेत्याकडून आणलं. लेकीनं नाव ठेवलं भाकरी. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टर मॅडमनी नमुना किटवर टाकला आणि दोन रेघा उमटल्या. पार्व्हो, पिल्लांचा जीव घेऊ शकणारा विषाणूचा आजार. पुढचे दिवस सलाइनवर गेले, ते सांगत बसत नाही. भाकरी वाचली. मला सांगायचंय ते कागदांबद्दल.

विक्रेत्यानं दिलेलं लसीकरणाचं कार्ड मॅडमनी दिव्याखाली धरून पाहिलं. लस टोचली की बाटलीवरचा छोटा स्टिकर सोलून कार्डावर चिकटवतात, त्यावर बॅच नंबर असतो. आमच्या कार्डावर स्टिकर नव्हताच. निळ्या पेननं टाकलेली तारीख आणि खाली कोणाची तरी न वाचता येणारी सही, एवढंच. कार्डावरच्या जन्मतारखेप्रमाणे भाकरी नऊ आठवड्यांची. मॅडमनी तिचा जबडा उघडून बोट फिरवलं, तर मागच्या दुधाच्या दाढा अजून हिरडीतच. "नऊ कसले, फार तर पाच," त्या म्हणाल्या. मी लगेच म्हटलं, हे लिहून द्याल का? त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं: अंदाजे वय, आणि पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडेही जातात, म्हणजे ही लागण पिल्लू आमच्याकडे येण्याआधीचीच असण्याची दाट शक्यता. हा एक परिच्छेद पुढे मला कुठल्याही वकिलाइतका उपयोगी पडला.

कारण २०१७ च्या कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीच्या नियमांत स्पष्ट आहे की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायलाच हवी. दुकानांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत, तिथंही नोंदणी सक्तीची.

फोन केला तर विक्रेता म्हणाला, "ताई, जिवंत वस्तू आहे, गॅरंटी कोण देणार? पावतीवर लिहिलंय ना, नो रिटर्न." ती पावती म्हणजे साध्या कागदावर मारलेला शिक्का. मी स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली आणि सूर एकदम बदलला. "पिल्लू परत आणा, पैसे घेऊन जा."

खरा पेच इथं होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या नजरेत जंगम मालमत्ता म्हणजे वस्तू. मिक्सर, मोटारसायकल आणि भाकरी एकाच रांगेत. पक्कं बिल न देणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा. बिलात मुदत नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. म्हणजे "नो रिटर्न"चा शिक्का फारसा टिकणारा नव्हता. पण माल परत द्यायचा कोणाला होता? सलाइनच्या सुईनं पुढचा पंजा सुजलेलं पिल्लू त्याच पिंजऱ्यात नेऊन ठेवायचं, या कल्पनेनंच लेक दोन घास जेवेना. शिवाय आमचा मोठा खर्च पिल्लाच्या किमतीत नव्हता, दवाखान्यात होता. म्हणून ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत परताव्याची मागणी केलीच नाही. उपचाराचा खर्च, खोटं वय सांगून घेतलेल्या किमतीतला काही भाग, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च, एवढंच मागितलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर मागण्यांचा परिच्छेद लिहिताना घाई करू नका. आयोग साधारण तुम्ही मागाल त्याच चौकटीत बघतं.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते, आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. घरबसल्या म्हणायचं, पण अनुक्रमणिका, तारखांची यादी, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, प्रत्येक पानावर सही हे सगळं आहेच. सगळ्यात डोकं खाल्लं ते व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटांनी. ते पुरावा म्हणून लावायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुने वकील अजून त्याला आधीच्या पुरावा कायद्यातल्या कलमावरून पासष्ट-बी म्हणतात. माझ्याकडे तेच चॅट महत्त्वाचं होतं, कारण "नऊ आठवडे, लस कम्प्लीट" हे वाक्य तिथंच होतं.

जाबदेणाराला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापलीकडे मुदत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये ठरवून टाकलंय. आमच्या विक्रेत्याचं उत्तर अगदी शेवटाला आलं, आणि त्यात पुन्हा तेच: पिल्लू परत द्या. प्रकरण मध्यस्थीला गेलं. तिथं दाढांवरचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवल्यावर तो गप्प झाला. दवाखान्याचं पूर्ण बिल आणि किमतीतला काही भाग देऊन तडजोड झाली. तडजोडपत्रात एक ओळ मी आग्रहानं घालून घेतली: "सदर श्वान तक्रारदाराकडेच राहील." लेकीनं तेवढ्या ओळीचा फोटो काढून ठेवलाय.

पैशांचं झालं. पण पिल्लू आणताना मागच्या खोलीत तिची आई दिसली होती, तारेच्या जाळीवर उभी, आचळं लोंबलेली. ग्राहक कायद्याला तिच्याशी देणंघेणं नाही, ती मी विकत घेतलेली नव्हती. तिच्यासाठी १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा. त्याचं कलम ११ वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं: क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, कमाल पन्नास. आमच्या वाहनतळावर दुचाकीला याहून जास्त घेतात. शिक्षा वाढवणारा मसुदा केंद्रानं २०२२ मध्ये सूचनांसाठी मांडला होता; आकडे अजून तेच आहेत.

म्हणून मी क्रूरतेवर भर न देता नोंदणीचा धागा धरला. पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यातच, औंधला. तिथं माहितीच्या अधिकारात विचारलं की या नावानं, या पत्त्यावर ब्रीडर किंवा दुकान म्हणून नोंदणी आहे का. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागलं, कलम ११ च्या किमान दंडाएवढंच. उत्तर आलं: नोंद आढळत नाही. ते उत्तर, कार्ड आणि मॅडमचं प्रमाणपत्र जोडून जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे लेखी तक्रार केली. तोंडी सांगितलं तेव्हा "बघतो" म्हणाले होते, नोंदणी नसल्याचा कागद जोडल्यावर पाहणी झाली.

पाहणीत जाळीचे पिंजरे बदलायला सांगितले आणि नोंदणीशिवाय विक्री करू नये अशी ताकीद मिळाली. दुकानावर आता फक्त खाद्य आणि पट्टे विकण्याची पाटी आहे. व्हॉट्सॲप स्टेटसला मात्र परवा बीगलची चार पिल्लं होती, "पंचेचाळीस दिवस" असं लिहून. त्याचा स्क्रीनशॉट काढून समितीला पाठवलाय, आणि या वेळी कलम ६३ चं प्रमाणपत्र आधीच भरून ठेवलंय.