सीजीएचएस की हजार रुपये? निवृत्तीआधीचा माझा अनुभव

पुण्यातल्या केंद्र सरकारी कार्यालयातून मी साठाव्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शनचे कागद आठ महिने आधीच सुरू केले होते. त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: वैद्यकीय सुविधा की वैद्यकीय भत्ता? माझ्या आधी निवृत्त झालेल्या बहुतेकांनी तो शेजारच्याला विचारून भरला होता. मीही तसंच करणार होते, पण पेन हातात घेतल्यावर थांबले, कारण आम्हाला निवृत्तीनंतर पुण्यात राहायचंच नव्हतं. कराडजवळ गावी घर आहे, सासूबाई तिथेच असतात. आणि ह्यांना मधुमेह.

यातली सुविधा म्हणजे सीजीएचएस, केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांसाठीची आरोग्य योजना. नोकरीत असताना तिचं कार्ड असतं, पगारातून पैसे कापले जातात आणि आपण त्याचा विचारही करत नाही. निवृत्तीबरोबर ते कार्ड परत करावं लागतं आणि पेन्शनरचं कार्ड नव्याने काढावं लागतं. ते आपोआप होत नाही, हे मला खूप उशिरा कळलं.

कार्यालयातल्या एकाने सांगितलं, "मॅडम, गावी राहणार ना? मग हजार रुपये भत्ता घ्या, कार्ड विसरा." दुसरा म्हणाला, "कार्ड सोडू नका, म्हातारपणी ऑपरेशन निघालं तर काय कराल?" दोघांचंही पटत होतं. पंधरा दिवस मी याच पेचात होते आणि हे दोन पर्याय एकमेकांच्या विरोधात आहेत, असंच धरून चालले होते.

शेवटी मूळ आदेश वाचायला घेतले. इंग्रजी सरकारी भाषा, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. तीन रात्री वाचले तेव्हा गाठ सुटली. सीजीएचएस नसलेल्या भागात राहणाऱ्या पेन्शनरला रोजच्या औषधपाण्यासाठी, म्हणजे ओपीडीसाठी, महिना १,००० रुपये भत्ता घेता येतो आणि अंशदान भरून रुग्णालयात दाखल होण्यासाठी सीजीएचएसचं कार्डही ठेवता येतं. दोन्ही एकत्र चालतं. हे मला तोपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

मग वहीत आकडे मांडले. माझा वेतनस्तर ७, त्याला अंशदान महिना ६५० रुपये. स्तर ५ पर्यंत ते २५०, स्तर ६ ला ४५०, ७ ते ११ ला ६५० आणि १२ पासून पुढे १,००० आहे. पेन्शनरला वर्षाचं अंशदान दरवर्षी भरता येतं, नाहीतर दहा वर्षांचं एकदम भरून आयुष्यभराचं कार्ड घेता येतं. माझ्यासाठी ती रक्कम ७८,००० रुपये. ह्यांचं म्हणणं होतं, दरवर्षी भरू, एवढे पैसे एकदम कशाला अडकवायचे? मी ऐकलं नाही. माझ्यानंतर ह्यांना दरवर्षी आठवणीने पैसे भरायला लागू नयेत, एवढाच माझा विचार होता. ग्रॅच्युइटीतून ती रक्कम बाजूला काढली आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ह्यांच्या औषधांना महिना दीड हजाराच्या आसपास लागत. भत्त्यात ते बसत नव्हतं. पण ओपीडी सीजीएचएसकडे ठेवली असती, तर औषधांसाठी दीडशेहून जास्त किलोमीटर पुण्याला यावं लागलं असतं आणि तेवढंच परत. डॉक्टरांना विचारून काही औषधं जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो, तेव्हा खर्च बराच खाली आला.

एकाने सुचवलं होतं, पुण्यातच राहा, पत्ता गावचा द्या आणि भत्ता घ्या. भत्त्यासाठी आपण सीजीएचएस नसलेल्या भागात राहतो आणि ओपीडी घेत नाही, असं लेखी द्यावं लागतं. तीस वर्षांच्या नोकरीनंतर खोटं लिहून देण्याइतका तो हजार मोठा नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

कागदांनी मात्र दमवलं. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, शेवटच्या पगाराचा दाखला, राहण्याचा पुरावा, फोटो हे सगळं जमलं. अडलं ते नावावर. सर्व्हिस बुकात, म्हणजे कार्यालयातल्या माझ्या नोकरीच्या नोंदवहीत, ह्यांचं नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या. दोन्हीकडच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि अर्ज परत आला. दुरुस्तीला सात आठवडे लागले. तुमच्या निवृत्तीला वर्ष उरलं असेल, तर आजच घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख सर्व्हिस बुकाशी ताडून बघा. नोकरीत असताना ज्या टेबलावर दोन मिनिटांत काम होतं, तिथेच नंतर आपण बाहेरचे असतो.

सासूबाईंचं वेगळंच निघालं. आम्हा महिला कर्मचाऱ्यांना आईवडील किंवा सासूसासरे, यांपैकी एकाच जोडीला अवलंबित म्हणून कार्डावर दाखवता येतं. मी पूर्वीच सासूबाईंना दाखवलं होतं. पुतण्या म्हणाला, "काकू, आजीचं सत्तरच्या वरच्यांसाठीचं आयुष्मान कार्डही काढू, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात." ते मिळतं हे खरं; पण सीजीएचएस असलेल्याला दोन्हींपैकी एकच ठेवता येतं. आम्ही सीजीएचएसच ठेवलं, कारण त्यात वर्षाला पाच लाखांची अशी मर्यादा नाही.

मात्र त्या चौकशीतून माझ्या आईचं काम झालं. ती भावाकडे असते, वय ७४. सासूबाईंना निवडलं त्या दिवसापासून आईचं नाव माझ्या कार्डावर नाही, ही गोष्ट मला वर्षानुवर्षं टोचत होती. आईला दुसरी कुठलीच सरकारी योजना नव्हती. ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. भावाने तिचं आधार घेऊन कार्ड काढलं. फोनवर तिने मला कार्डावरचा नंबर वाचून दाखवला, सगळेच्या सगळे आकडे, आणि मी ऐकत राहिले.

माझं कार्ड आलंय, भत्ता पेन्शनबरोबर जमा होतो. भत्ता सोडून ओपीडी घ्यायची, असा पर्याय एकदाच बदलता येतो. ती संधी मी अजून वापरलेली नाही. ह्यांच्या तब्येतीसाठी पुन्हा पुण्यात यावं लागलं, तर वापरीन.