आधी वनस्पती, मग प्राणी

भायखळ्याच्या राणीच्या बागेचे पूर्ण नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय’ असे असून त्यात वनस्पतींचा मान पहिला आहे. प्रत्यक्षात मात्र फाटकातून आत आलेली पावले तडक पेंग्विनच्या रांगेकडे वळतात. त्यात कोणाचा दोष नाही. मुंबईच्या उकाड्यात काचेपलीकडे हम्बोल्ट पेंग्विन सूर मारत असताना जागच्या जागी उभ्या असलेल्या झाडाकडे कोण बघणार? मीही लहानपणी हत्ती आणि माकडे पाहून घरी परतत असे. ही बाग १८६२ साली खुली झाली ती झाडांची बाग म्हणून आणि प्राणी मागाहून आले, हे मला चाळिशीत कळले.

आता भाचीला ताईबरोबर रांगेत उभे करून मी कैलासपतीपाशी थांबतो. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या झाडाची फुले शेंड्यांना न येता खोडातून फुटलेल्या, दोरखंडासारख्या लोंबत्या दांड्यांवर येतात. खाली पडलेले एखादे फूल हातात घेऊन पाहावे: सहा जाडसर गुलाबी पाकळ्या, मधोमध फिकट पिवळी चकती आणि तिच्यावर एका बाजूने झुकलेला पुंकेसरांचा फणा. खाली पिंड, वर नाग. परदेशातून आलेल्या झाडाला थेट शंकराचे नाव मिळाले ते यामुळेच. तोफगोळ्यासारखे त्याचे फळ पडून फुटले, की मात्र असा दर्प सुटतो की भाविकानेही नाक दाबावे.

गोरखचिंच आफ्रिकेची. पाणी साठवून फुगलेला तिचा करडा, सुरकुतलेला बुंधा पाहिला, की हत्ती पाहायला वेगळे तिकीट कशाला, असे वाटते. ब्रह्मदेशची उर्वशी मात्र नावाप्रमाणेच भाव खाते. हिवाळा सरत आला, की तिचे लालचुटूक, टोकाशी पिवळा ठिपका असलेले घोस झुंबरासारखे उलटे लटकू लागतात. इतर वेळी गेलात तर नुसती पाने पाहून परत या. तिची कोवळी पालवीदेखील ओल्या रुमालासारखी लोंबत असते, हे पाहायला तिच्याजवळ थोडे रेंगाळावे लागते.

तासाभराने भाची आली, तेव्हा मी कैलासपतीचे फूल तिच्या तळहातावर ठेवले. तिने ते हुंगले, फण्यात बोट घालून पाहिले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, “मामा, हे पेंग्विन खातात का?”