डबा कुणाचा, फुटपाथ कुणाचा

आमच्या कॉलनीच्या नाक्यावरचा लाइटीचा डबा रंगवायला एक शनिवार-रविवार पुरला. परवानगीत मात्र अख्खी थंडी गेली, आणि तो राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

डबा गंजलेला, पानाच्या पिचकाऱ्यांनी माखलेला, वर ट्यूशन क्लास आणि पेस्ट कंट्रोलच्या पत्रकांचे थर. वांद्र्याच्या चॅपल रोडवरची भित्तिचित्रं पाहून आल्यापासून मुलांनी ध्यास घेतला होता. चित्र ठरलं, वर्गणी जमली.

वॉर्ड ऑफिसात सांगितलं, "डबा आमचा नाही, वीज कंपनीची एनओसी आणा." वीज कंपनीच्या ऑफिसात, "फुटपाथ पालिकेचा. आधी त्यांचं पत्र आणा." पुन्हा वॉर्ड ऑफिस. साहेब साइटवर. पुढच्या खेपेला साहेब होते, पण अर्ज सापडेना. मग टेबलावरच्या मॅडमनी विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा पुढे केला. अहो, तो कायदा विनापरवाना जाहिराती लावणाऱ्यांसाठी आहे! त्या लावणारे रातोरात लावून जातात, त्यांना कुणी हटकत नाही. आणि आम्ही तोच डबा खरवडून साफ करायला निघालो, तर आमच्याकडे कागदांवर कागद मागायचे? मुलं दर रविवारी विचारायची, "काका, आलं का पत्र?" फार चीड यायची.

शेवटी गाठ सोडवली वीज कंपनीतल्याच एका तरुण इंजिनिअरने. त्याने सांगितलं, दोन्ही ऑफिसांच्या नावे एकच अर्ज करा, डब्याचा फोटो आणि त्यावरचा नंबर जोडा, आणि कशाला हात लावणार नाही ते स्वतःच लिहून द्या. आम्ही लिहिलं: दाराची फट, कुलूप, हवेच्या झरोक्यांची जाळी, अर्थिंगची पट्टी, डब्याचा नंबर आणि कवटीची धोक्याची पाटी तशीच राहील, दार उघडणार नाही, वायरमन हजर असेल तेव्हाच काम करू. दोन्हीकडे आवकचा शिक्का मारून घेतला. शिक्क्याची प्रत हातात आल्यावर अर्ज हरवायचे थांबले. पत्र आलं तेव्हा मी ते जिन्यातच उभ्याने दोनदा वाचलं.

तुम्हालाही असा डबा रंगवायचा असेल तर सगळ्यात आधी डबा कुणाचा ते बघा. सिग्नलचा, टेलिफोनचा, रस्त्यावरच्या दिव्यांचा, विजेचा, लांबून सगळे सारखेच दिसतात.

रंगाचं दुकान फुकट रंग देत होतं, बदल्यात कोपऱ्यात नाव हवं होतं. नाही म्हटलं. नाव आलं की ती जाहिरात झाली.

गंज पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड मारा, पूर्ण वाळू द्या, मगच ऑइल पेंट. पावसाळ्यात हे काम काढू नका. आमच्या डब्यावर आता तांबट पक्षी आहे, छातीवर लाल ठिपका आणि डोळ्याभोवती पिवळं. ते पिवळं आठवीतल्या मुलीने बारीक ब्रशने, श्वास रोखून भरलं. आणि हो, उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवा. पत्रक चिकटलं की खरवडून त्याच दिवशी रंगाचा हात मारता येतो.