यंत्राची ती अदब

आज दुपारी भाच्यासोबत २००८ सालचा ‘आयर्न मॅन’ हा चित्रपट पुन्हा पाहिला आणि या वेळी माझे लक्ष नायकाच्या चिलखतापेक्षा त्याच्या जार्विस या बोलणाऱ्या संगणकाकडेच अधिक गेले. नायक टोनी स्टार्क हा विलक्षण बुद्धीचा, पण उतावळा संशोधक. त्याने घडवलेला सहायक मात्र शांत, हिशेबी आणि प्रत्येक वाक्यात ‘सर’ म्हणणारा आहे. पहिल्या उड्डाणापूर्वी गणिते अजून पुरी व्हायची आहेत असे तो बजावतो, टोनी ऐकत नाही, आणि उंचावर चिलखतावर बर्फ साचू लागल्याचेही तोच सांगतो. चिलखताच्या सोनेरी रंगाला टोनीच भडक म्हणतो, तेव्हा जार्विसने हळूच काढलेला चिमटा मला फार आवडतो, कारण मालकाचा स्वभाव पुरता ओळखल्याशिवाय असे बोलता येत नाही. (आवाज पॉल बेटनी यांचा, त्याशिवाय ही अदब जमली नसती.) मूळ कॉमिक्समध्ये जार्विस हा हाडामांसाचा बटलर होता, हे सांगितल्यावर भाचा बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “मामा, मग टोनीला माणूसच का नको झाला?” मला उत्तर सुचले नाही.